आयते मोड : सोय आणि सवय

आषाढातल्या एका सकाळी भिसेगावच्या शिवारात बांधावर उभा राहून मी माझ्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्याची चकती फिरवत होतो. कर्जत स्थानकाला लागून असलेले हे गाव आता नगरपरिषदेच्या हद्दीत आले आहे, इमारती वाढल्या आहेत. तरी जेथे भाताची खाचरे उरली आहेत तेथे पावसाळी सकाळ अजून जुन्यासारखीच उजाडते. एका अंगाला माथेरानचा डोंगर, दुसऱ्या अंगाला भोर घाट. त्या सकाळी दोन्ही दिसत नव्हते. सगळा मुलूख धुक्याने पांढरा झाला होता. कॅमेरा २००७ साली, नोकरीच्या पहिल्या पैशांतून घेतलेला. त्यात निरनिराळ्या प्रसंगांसाठी आयते मोड होते : व्यक्ती, निसर्गदृश्य, खेळ, रात्र, समुद्रकिनारा, बर्फ, सूर्यास्त, आतषबाजी, मेणबत्तीचा उजेड, लहान मूल, पार्टी. मी पावसाचा मोड शोधत होतो. तो नव्हता. वर्षातले चार महिने जेथे पावसाखेरीज दुसरे दृश्यच नसते, अशा गावी येऊन पोहोचलेल्या यंत्रात बर्फाची सोय होती आणि पावसाची नव्हती.

ही तक्रार मी छायाचित्रणात मुरलेल्या एका मित्राला ऐकवली. तो म्हणाला, ‘‘अरे, मोड कसले वापरतोस? ते पर्यटकांसाठी असतात. मॅन्युअलवर घे.’’ त्याच्या स्वरात जी किंचित कीव होती ती माझ्या ओळखीची होती. वृत्तात लिहिणाऱ्या नवकवीविषयी मुक्तछंदवाले ज्या स्वरात बोलतात, किंवा गाइडवरून उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याविषयी आपण प्राध्यापक मंडळी स्टाफरूममध्ये ज्या स्वरात बोलतो, तोच तो स्वर. तेव्हापासून या विषयाने माझा पिच्छा पुरवला आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. आयते मोड वापरण्यात काहीही कमीपणा नाही. मात्र प्रत्येक मोडमध्ये कोणीतरी आपल्या वतीने एक निर्णय घेऊन ठेवलेला असतो, आणि तो निर्णय कोणता हे न विचारता मोड वापरत राहणे साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्या माणसाला तरी शोभत नाही. हे मला कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तकातून कळले नाही. एका विद्यार्थिनीमुळे कळले. ती हकीगत पुढे येईल.

प्रथम, हे मोड करतात काय ते पाहू. कॅमेऱ्यात प्रकाश किती रुंद छिद्रातून यावा, किती वेळ यावा, आणि आलेल्या प्रकाशाला यंत्राने किती तीव्रतेने प्रतिसाद द्यावा, हे तीन मुख्य प्रश्न असतात : ॲपर्चर, शटरचा वेग आणि आयएसओ. रंगांचा तोल, फ्लॅश आणि फोकस हे त्यांचे सोबती. ‘व्यक्ती’चा मोड छिद्र रुंद ठेवतो, म्हणजे चेहरा स्पष्ट येतो आणि मागचे सारे पुसट होते, शिवाय तो कातडीचा पोत मऊ करतो. ‘निसर्गदृश्य’ छिद्र लहान करतो, जवळचे-दूरचे सारे स्पष्ट ठेवतो आणि हिरव्या-निळ्या रंगांना जरा चढवतो. ‘खेळ’ शटर झटकन उघडतो-मिटतो, म्हणजे धावणारा पाय हवेत थांबतो. ‘रात्र’ फ्लॅश उडवूनही शटर थोडा वेळ उघडे ठेवतो, म्हणजे समोरचा माणूस उजळतो आणि मागचे दिवेही उमटतात. ‘सूर्यास्त’ एरवी यंत्र जो तांबूसपणा दोष समजून काढून टाकते तो राहू देतो. थोडक्यात, मोडचे नाव प्रसंगाचे असते आणि आत दडलेली असते ती चार-पाच उत्तरांची जुडी.

या जुडीत नवे काही नाही. फिल्मच्या काळात रिळाच्या खोक्याच्या आतल्या बाजूस लख्ख ऊन, विरळ ऊन, ढगाळ हवा आणि सावली यांची चित्रे छापलेली असत व प्रत्येकाखाली आकडे असत. लख्ख उन्हात ॲपर्चर १६ ठेवावे आणि १०० आयएसओच्या फिल्मला शटरचा वेग सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागाइतका ठेवावा, हा तर छायाचित्रकारांचा पाठांतराचा पाढा. ‘मॅन्युअलवर घे’ म्हणणारा माझा मित्रही हा पाढा मनातल्या मनात म्हणतच चकत्या फिरवत असतो. त्याचा मोड त्याच्या डोक्यात आहे, माझा चकतीवर, एवढाच फरक.

आणि साहित्याच्या विद्यार्थ्याला तर ही यादी पाहून दंडीची आठवण झाली पाहिजे. महाकाव्यात काय काय असावे हे सांगताना ‘काव्यादर्शा’त त्याने जी वर्णनांची यादी दिली आहे तीत नगर आहे, समुद्र आहे, पर्वत आहे, ऋतू आहेत, चंद्रोदय आणि सूर्योदय आहेत, जलक्रीडा आहे, मधुपान आहे, विवाह आहे, राजपुत्राचा जन्मही आहे. माझ्या कॅमेऱ्यातील समुद्रकिनारा, सूर्यास्त, पार्टी आणि लहान मूल हे मोड त्या यादीशेजारी ठेवून पाहावेत. हजाराहून अधिक वर्षांचे अंतर आहे, पण वर्णनीय प्रसंग कोणते याविषयीची समजूत फारशी हललेली नाही. समुद्र कधीही न पाहिलेल्या कवींनी समुद्रवर्णने लिहिली, कारण यादीत समुद्र होता. बर्फ कधीही न पडणाऱ्या गावात मी बर्फाचा मोड घेऊन उभा होतो, तेही त्याच न्यायाने.

परंतु म्हणून अशा याद्यांची हेटाळणी करावी असे मला वाटत नाही. आमच्या कर्जतला राहणाऱ्या माणसाला यासाठी एक चांगले उदाहरण रोज दिसते. पुण्याकडे जाणाऱ्या अनेक गाड्यांना घाट चढण्यासाठी येथे मागून जादा इंजिने लावतात. त्यांना बँकर म्हणतात. लोणावळ्याला ती काढून घेतात. गाडीला बँकर लागला म्हणून गाडी कमअस्सल ठरत नाही. मुंबईपासून जोर लावत आलेल्या इंजिनाला त्या चढावर मदत हवी असते, इतकेच. मी छायाचित्रे काढू लागलो तेव्हा ‘खेळ’ या मोडने मला शटरचा वेग म्हणजे काय ते दाखवले, ‘व्यक्ती’ने ॲपर्चर म्हणजे काय ते दाखवले. आधी परिणाम दिसला, मग कारण शोधावेसे वाटले. मंदाक्रांतेच्या सतरा अक्षरांत चार, सहा आणि सात अशी विश्रांती घेत दहा ओळी रचून पाहिलेल्या विद्यार्थ्याला लय समजावून सांगावी लागत नाही. ज्याने एकही साचा कधी हाताळलेला नाही, त्याला साचा मोडण्याचा उपदेश करणे म्हणजे बँकर न लावता घाट चढायला सांगणे होय.

शिवाय ‘मॅन्युअल’ म्हणजे स्वातंत्र्य हाही एक भ्रमच. हाताने चकत्या फिरवणाऱ्यालाही प्रकाश मोजून देतो तो कॅमेराच. आणि कॅमेऱ्याचा प्रकाशमापक एक गृहीतक धरून चालतो : समोर जे काही आहे ते सरासरीने मध्यम करडे असणार. हे करडेपण छायाचित्रणाच्या पुस्तकांत अठरा टक्के प्रकाश परत फेकणाऱ्या पृष्ठभागाने दाखवतात. चौकट पांढऱ्याने भरली तरी कॅमेरा तिला करडी करू पाहतो, काळ्याने भरली तरी करडीच करू पाहतो. बर्फाचा मोड निर्माण झाला तो या गृहीतकावर उतारा म्हणून. समोर जे पांढरे आहे ते खरेच पांढरे आहे, त्याला करडे करू नकोस, थोडा जास्त प्रकाश येऊ दे, एवढेच तो यंत्राला सांगतो.

हे लक्षात आले तेव्हा मी त्याच बांधावर, आणखी एका धुक्याच्या सकाळी, चकती ‘बर्फ’वर नेली. आधीच्या छायाचित्रांत धुके मळक्या धोतरासारखे आले होते. आता ते पांढरे आले. त्यात बुडालेली करंजाची झाडे, बांधावरचा खांब, इरले घेऊन चाललेली एक बाई, सारे जागच्या जागी दिसू लागले. भिसेगावसाठी नसलेला मोड भिसेगावलाच कामी आला, कारण मी त्याचे नाव सोडून दिले आणि काम तेवढे घेतले. पुढे अशा चुकीच्या जागी वापरलेल्या मोडांची मला गोडीच लागली. चुलीच्या उजेडात ‘सूर्यास्त’ लावावा, कारण दोन्हीकडे राखायचा असतो तो तांबूसपणाच. हे काही माझे संशोधन नव्हे. कोणत्याही साहित्यपरंपरेतील जिवंत माणसे हेच करत आली आहेत. जात्यावर दळण दळताना बायका म्हणत ती ओवी. ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये त्याच नावाच्या छंदात गीतेवरचे भाष्य सांगितले. सुनीत हा चौदा ओळींचा परदेशी साचा. केशवसुतांनी १८९२ साली ‘मयूरासन आणि ताजमहाल’ लिहून तो मराठीत आणला आणि पुढे मराठी कवींनी तो बव्हंशी शार्दूलविक्रीडितात, म्हणजे एका साच्यावर दुसरा साचा चढवून चालवला. साचा कशासाठी होता हे त्यांना ठाऊक होते, म्हणूनच तो दुसऱ्या कशासाठी वापरता आला.

येथवर मी आयत्या मोडांची बाजू घेतली. आता अडचणीकडे वळू.

लावणीचे दिवस. पर्यटकांच्या गाड्या धबधब्यांकडे चाललेल्या असतात आणि वाटेत थांबून लोक शेतांची छायाचित्रे घेतात. चिखलात पाच-सात बाया ओणव्या होऊन आवण लावत असतात. पर्यटक ‘निसर्गदृश्य’ लावतो. भात आहे त्याहून हिरवे होते, डोंगर आहे त्याहून निळा होतो, आणि बाया लाल-पिवळे ठिपके होऊन त्या हिरव्या रंगाला उठाव देतात. दुसरा कोणी जवळ जाऊन एकीला वर पाहायला सांगतो आणि ‘व्यक्ती’ लावतो. सुरकुत्यांचा चेहरा, ओठांवर हसू, आणि मागे एक हिरवा पुसट पडदा. माझ्या छोट्या कॅमेऱ्यात हे पुसट होणे बेताचेच होते. मोठ्या भिंगाच्या कॅमेऱ्यात ते ठळक असते, आणि पुढे तर फोनही गणिताच्या जोरावर ते करू लागले. पहिल्या छायाचित्रात शेत आहे, माणूस नाही. दुसऱ्यात माणूस आहे, शेत नाही. ती बाई त्या शेतात राबते आहे, ते शेत तिचे आहे की ती मजुरीला आली आहे, तिच्या मागे बांधावर मूल कोणाच्या भरवशावर ठेवले आहे, हे दोन्हींत मावत नाही. काम करणारा माणूस आणि त्याच्या कामाची जागा एकाच चौकटीत सारख्याच स्पष्ट दिसाव्यात, असे नाव असलेला मोड माझ्या कॅमेऱ्यात नव्हता.

आपल्या अभ्यासक्रमातही पुष्कळ काळ हीच वाटणी होती. एकीकडे व्यक्तिचित्र, दुसरीकडे निसर्गवर्णन. व्यक्तिचित्रात माणूस लकबींसह उभा राहतो आणि गाव मागे धूसर होते; निसर्गावरील ललित निबंधात गाव, पाऊस, पायवाट सारे असते आणि माणूस क्वचित एखाद्या वळणावर गुराखी म्हणून येतो. प्रादेशिक कादंबरीने ही वाटणी मोडली. श्री. ना. पेंडशांची ‘गारंबीचा बापू’ १९५२ साली आली. तीत बापू आणि गारंबी यांपैकी कोण पुढे आणि कोण मागे हे सांगता येत नाही. कॅमेऱ्याच्या भाषेत बोलायचे तर त्यांनी निसर्गदृश्याचे लहान छिद्र ठेवले आणि माणसाच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले. हे माझ्या कॅमेऱ्यावरही करता येत होते. त्यासाठी चालत जावे लागे, आणि पायांत चिखल भरे.

आता ती विद्यार्थिनीची हकीगत.

काही वर्षांपूर्वी आमच्या वार्षिकांकाची जबाबदारी माझ्याकडे होती. प्रथम वर्षातील एका मुलीने आपल्या आजीवर एक लेख लिहिला होता. मुलगी ठाकर समाजातली, डोंगराच्या पायथ्याच्या वाडीवरून येणारी. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यक्रमात तिने तो वाचला आणि सभागृह शांत झाले. लेख अंकात घ्यायचे ठरले. सोबत छायाचित्र हवे म्हणून मी वाडीवर गेलो आणि अंगणात बसलेल्या आजी-नातीचे छायाचित्र माझ्या फोनवर, ‘व्यक्ती’च्या मोडमध्ये घेतले. चांगले आले असे मला वाटले. सहकाऱ्यांनीही वाखाणले. चार दिवसांनी ती मुलगी स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. म्हणाली, ‘‘सर, आजीला फोटो दाखवला. आजी म्हणते, ही कोनाची पोर?’’ ती हसत होती, पण केवळ हसण्यासाठी आली नव्हती.

मी छायाचित्र पुन्हा पाहिले. मुलीचा वर्ण दोन-तीन छटांनी उजळला होता. गालावरचा लहानपणीचा व्रण गेला होता. आजीच्या कपाळावरचे गोंदण फिके पडले होते. मागची कुडाची भिंत, चुलीचा धूर, सूप, सारे मऊ धुक्यात गेले होते. फोनमध्ये चेहरा ‘सुंदर’ करण्याची एक पट्टी असते. ती मी कधी लावली नव्हती, पण बंदही केली नव्हती. ती मुळातच चालू होती. म्हणजे कारखान्यातून निघतानाच त्या यंत्राला सांगितलेले होते की चेहरा उजळ आणि गुळगुळीत असावा, आणि मला ते न सांगता चालण्यासारखे वाटले होते.

असे का होते याला इतिहास आहे. पन्नासच्या दशकापासून कोडॅक कंपनी रंगीत छायाचित्रे छापणाऱ्या प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी एक नमुना-चित्र पाठवीत असे. त्यावर एका गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र असे. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. तिची कातडी बरोबर दिसली की रंग बरोबर जुळले असे मानायचे. लॉर्ना रॉथ या कॅनडातील अभ्यासिकेने २००९ साली या कार्डांवर विस्ताराने लिहिले आहे. तीत एक गोष्ट मन विषण्ण करणारी आहे : सावळ्या-काळ्या छटा नीट उमटत नाहीत ही तक्रार कंपनीने मनावर घेतली त्यात लाकडी सामानाच्या आणि चॉकलेटच्या जाहिराती करणाऱ्यांचा मोठा वाटा होता. पुढे नव्वदच्या दशकात निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेली कार्डे आली. २०२१ साली गूगलने आपल्या फोनमध्ये सर्व वर्ण खरे उमटावेत यासाठी वेगळी व्यवस्था केल्याची जाहिरात केली. जाहिरात करावी लागली, यातच तोपर्यंतचे सारे आले.

पण परदेशी कंपनीकडे बोट दाखवून आपल्याला सुटता येणार नाही. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त कविसमय सांगितले आहेत, म्हणजे प्रत्यक्षात तसे असो वा नसो, कवींनी ज्या गोष्टी मानून चालायचे असे संकेत. त्यांत यश पांढरे असते, हसू पांढरे असते. अपयश काळे असते, पाप काळे असते. हाही एक आयता मोडच, आणि तोही आपण कधी बंद केलेला नाही. आश्चर्य याचे, की याच भाषेत संतांनी आपल्या सर्वांत लाडक्या देवाला सावळा म्हटले आणि त्या सावळेपणाचे सौंदर्य शतकानुशतके गायले. म्हणजे मराठीत दोन्ही मोड आहेत. लग्नाच्या जाहिरातींत आपण एक वापरतो, आषाढीला दुसरा.

वर्णाचे हे झाले. त्या मुलीच्या लेखाचे मी काय केले होते, ते अजून सांगितलेले नाही. अंकासाठी देताना मी तो तपासला होता. तिने लिहिले होते ‘पानी’, मी ‘पाणी’ केले. तिने लिहिले होते ‘आवन’, मी ‘आवण’ केले. ‘व्हती’चे ‘होती’ केले. आजीच्या तोंडची वाक्येही मी सरळ केली होती. सगळे नऊ-दहा मिनिटांत, सवयीने, लाल पेनाने. मुलगी दारात उभी राहून छायाचित्राविषयी बोलत होती आणि माझ्या टेबलावर तिचा तपासलेला लेख पडला होता. कॅमेऱ्यात रंगांचा तोल आपोआप राखणारी जी व्यवस्था असते ती दिव्याचा पिवळेपणा दोष समजून काढून टाकते, कारण पांढरे ते पांढरेच दिसले पाहिजे असे तिला सांगितलेले असते. चुलीपाशी बसलेल्या आजीवरच्या लेखातला चुलीचा उजेड मी त्याच न्यायाने काढून टाकला होता. आणि हे करणारा मी, वर्गात ‘बलुतं’ आणि ‘उपरा’ शिकवतो. १९७८ आणि १९८० ही साले पाठ असलेला माणूस २७ फेब्रुवारीला वाचलेल्या लेखाशी असे वागला.

येथे कोणी म्हणेल, प्रमाण मराठी शिकवायचीच नाही काय? शिकवायची. त्या मुलीला उद्या स्पर्धा परीक्षा द्यायची आहे, अर्ज लिहायचे आहेत. तेथे ‘पाणी’ न लिहिल्याचा दंड तिलाच बसणार आहे, मला नाही. प्रमाण भाषा हा एक उपयोगी मोड आहे आणि तो तिच्या हाती दिला पाहिजे. माझी चूक अशी, की परीक्षेच्या उत्तरपत्रिकेचा मोड मी आजीवरच्या लेखाला लावला, आणि तो लावला आहे हेही माझ्या ध्यानात आले नाही. नेहमीचा मोड हा मोड वाटतच नाही. त्याला आपण ‘शुद्ध’ म्हणतो, ‘नैसर्गिक’ म्हणतो.

या दृष्टीने मला आजच्या फोनपेक्षा तो जुना कॅमेरा अधिक प्रामाणिक वाटतो. त्याच्या चकतीवर निदान चिन्हे होती : चेहरा, डोंगर, फूल, धावणारा माणूस. काहीतरी निवडतो आहोत हे बोटाला कळत होते. तसले कॅमेरे आता फारसे उरलेले नाहीत. जपानमधील कॅमेरा-उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये जगभर सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे विक्रीसाठी रवाना झाले होते. २०२० मध्ये ती संख्या १ कोटीच्याही खाली आली. फोन मात्र समोर काय आहे ते स्वतःच ओळखतो, अन्न की झाड की चेहरा हे ठरवतो, एकामागून एक अनेक प्रतिमा टिपून त्यांची एक करतो आणि झालेले काम आपल्यासमोर ठेवतो. मोड गेले नाहीत, चकती गेली. आमच्या विद्यार्थ्यांच्या पिढीने निवडण्याची ती खटक् अशी जाणीव अनुभवलेलीच नाही. आता तर निबंध लिहून देणारी यंत्रेही त्यांच्या खिशात आहेत, आणि तीही विचारल्याशिवाय सारे शुद्ध, गुळगुळीत आणि उजळ करून देतात.

म्हणून गेली तीन वर्षे मी निवेदनपद्धती शिकवण्याआधी एक साधा पाठ घेतो. इतरांनीही करून पाहावा. विद्यार्थ्यांनी एकाच माणसाचे, तो काम करत असताना, त्याची परवानगी घेऊन, तीन वेगवेगळ्या मोडमध्ये छायाचित्र घ्यायचे. नंतर त्याच माणसावर तीन परिच्छेद लिहायचे : एक व्यक्तिचित्रासारखा, एक स्थळवर्णनासारखा, एक वार्ताहरासारखा. शेवटी प्रत्येक छायाचित्रात आणि परिच्छेदात काय राहून गेले याची यादी करायची. गेल्या वर्षी एका मुलाने स्थानकावरच्या वडे तळणाऱ्याला निवडले. ‘व्यक्ती’मध्ये वडेवाल्याचा घामेजलेला चेहरा आला आणि स्थानक नाहीसे झाले. ‘निसर्गदृश्या’त स्थानकाच्या खांबांपैकी तोही एक खांब झाला. ‘खेळा’च्या मोडमध्ये झारा हवेत थांबला आणि त्यावरून निथळणारे तेलाचे थेंब मोजता आले. मुलाने यादीत लिहिले, ‘‘गाडी दोन मिनिटे थांबते, म्हणून हा घाई करतो. ही घाई तिन्हींत नाही.’’ निवेदनाविषयी मी पुढे दोन तासिकांत जे सांगणार होतो त्याची सुरुवात त्या वाक्याने करून दिली.

वार्षिकांक अखेर निघाला. मी पुन्हा वाडीवर गेलो, ती पट्टी बंद केली आणि जवळ बसून, मागची भिंत स्पष्ट राहील असे छायाचित्र घेतले. लेखातले ‘पानी’, ‘आवन’ आणि ‘व्हती’ परत ठेवले. अंक पाहून माझे एक ज्येष्ठ सहकारी नाराज झाले. मराठी विभागाच्या अंकात शुद्धलेखनाच्या इतक्या चुका गेल्या तर विद्यार्थ्यांनी कोणाकडे पाहून लिहायचे, असे त्यांनी विचारले. त्यांचा प्रश्न खोटा नाही, आणि त्यांना पटेल असे उत्तर मला अजून देता आलेले नाही. आमचा वाद चालू आहे. मी त्यांना फक्त दोन्ही छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवून दाखवली. त्यांनी चष्मा काढून दोन्ही पाहिली आणि म्हणाले, ‘‘पहिले जास्त चांगले आले आहे.’’